तेरावी फेरी

त्या शर्यतीत माझा अंदाज चुकला, असं सांगणारे दोन-चार म्हातारे अमरावतीत अजून आहेत. ते सगळे त्या दिवशी मंडपात खुर्च्यांवर बसलेले होते. मी दोरीपाशी उभा होतो. उभ्या माणसाला जास्त दिसतं.

माझा धंदा संत्र्यांचा. बाप भातकुलीहून भाजीची टोपली डोक्यावर घेऊन अमरावतीच्या बाजारात यायचा. त्याच बाजारात पुढे मी स्वतःचं दुकान टाकलं, तेही कुणाच्या ओळखीवर नाही. वरूडकडच्या बागा मी फुलावर घ्यायचो. झाडावर फळ एक नाही, नुसता पांढरा बहार, आणि मालकासमोर उभं राहून आजच ठरवायचं की या बागेत किती माल उतरेल. जास्त बोललो तर मी बुडालो, कमी बोललो तर बाग दुसऱ्यानं नेली. असं वीस वर्षं केलं की डोळा तयार होतो. रस्त्याच्या बाजूनं सगळ्याच बागा छान दिसतात. मी मागच्या बाजूनं आत शिरायचो.

सरकारी माणसं पिकाची आणेवारी काढत. सोळा आणे म्हणजे भरलं पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. ती बोली मला फार आवडली. मी बैलाची आणेवारी काढू लागलो, कीर्तनकाराची काढू लागलो, जावयांचीसुद्धा. बायकोनं एकदा विचारलं, "माही किती काढली?"

"पंधरा."

"एक आणा काहून कापला?"

"सोळा म्हटलं तर भाव चढते."

दोन दिवस मला वरण पातळ मिळालं.

थंडीत संक्रांतीनंतर अमरावतीच्या मैदानावर खेळ भरत. लोक कुस्तीसाठी येत. मी येई तीन मैलांच्या शर्यतीसाठी. कुस्तीत पापणी लवते तेवढ्यात पाठ लागलेली असते. तीन मैल म्हणजे बारा फेऱ्या, माणूस हळूहळू उघडा पडत जातो. वऱ्हाडातले चांगले धावणारे त्या एका शर्यतीसाठी वर्षभर दम राखत. या गोष्टीच्या आदल्या वर्षी तीच शर्यत बघताना मी मंडपातल्या एका रिकाम्या खुर्चीवर टेकलो होतो. चपराशी आला आणि म्हणाला, "उठा, ही जागा मंडळींची आहे." मंडळी म्हणजे वकील, मास्तर, डॉक्टर. मी उठलो. पण ते उठणं माझ्या पोटात राहिलं.

पंचांमध्ये मुख्य होते एक वकीलसाहेब. दर रविवारी माझ्याकडे संत्री घ्यायला येत आणि दर रविवारी भावावरून कोर्ट भरवत. माणूस हुशार. शर्यतीचा त्यांनाही नाद होता, पण त्यांचा सगळा भरवसा खिशातल्या घड्याळावर. सरावाच्या वेळी प्रत्येक गड्याच्या फेऱ्यांचा वेळ वहीत टिपायचे.

"यंदा आमचा कॉलेजचा पोरगा," एका रविवारी ते म्हणाले. "घड्याळच सांगतंय."

"घड्याळ किती झालं ते सांगते, साहेब. किती उरलं ते नाही सांगत."

"मग ते कोण सांगतं? तुमचं संत्रं?"

"दम सांगते. अन् दम पाहाचा असला तर गड्यासंग भाव करा लागते."

ते हसले. पण मी खोटं बोलत नव्हतो. त्या वर्षी नाव घेण्यासारखे तिघंच होते आणि मी तिघांनाही बघून आलो होतो. कॉलेजच्या पोराला मैदानावर सराव संपवताना गाठलं आणि विचारलं, "बाबू, घर कोणत्या पेठेत?" त्यानं बोट वर केलं, थांबा म्हणून. त्याचं उत्तर चौदा श्वासांनी आलं. मी मोजले. दुसरा अकोल्याचा पोलीस शिपाई. तो धावायच्या आधी जसा बोले तसाच धावल्यावर बोले, आणि दोन्ही वेळा कमीच बोले.

तिसरा बार्शीटाकळीचा. तो खांद्यावर कावड घेऊन अकोल्याच्या बाजारात भाजी आणायचा. पाच-सहा कोस, दोन्हीकडे भरलेल्या टोपल्या आणि चाल दुडकी. त्याच्यासाठी मी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. त्याची कावड अजून खांद्यावरच होती, तोच मी विचारलं, "मेथी कशी दिली?"

त्यानं भाव सांगितला. मी निम्मा सांगितला.

"निम्म्या भावात निम्मी जुडी भेटन, भाऊ. पाला घेता का मुळं?"

"सकाळची कोमेजलेली दिसून राहिली."

"मेथी नाही कोमेजली, तुमचे डोये कोमेजले. अमरावतीचे दिसता. तिकडं म्हने गवतालेच मेथी म्हनते."

मी पान खाऊन होईपर्यंत त्याच्याशी भांडलो. चिडलो, हात आपटले, एकदा निघूनही गेलो आणि परत आलो. त्या माणसानं एकाही वाक्याच्या मध्ये श्वास घेतला नाही. शेवटी मेथी मी पूर्ण भावानं घेतली. आयुष्यात असं दोनदाच झालं, आणि दुसऱ्या वेळी मला ताप होता.

म्हणून मी वकीलसाहेबांना आणेवारी दिली. कॉलेजचा पोरगा पहिले दोन मैल सोळा आणे, तिसरा दहा आणे. शिपाई पगारासारखा, पहिल्यापासून शेवटपर्यंत बारा आणे. बार्शीटाकळीचा पहिला मैल आठ आणे, दुसरा बारा, तिसरा सोळा. तीन मैल संपायला अर्धी फेरी उरली असताना तो पोराला ओलांडेल. शिपाई तिसरा.

वकीलसाहेबांनी ते सगळं कागदावर उतरवलं आणि पाकिटात घालून डिंकानं चिकटवलं. "हे खरं निघालं तर पुढच्या वर्षी पंचांच्या रांगेत तुमची खुर्ची. आणि नाही निघालं तर बाजारात शर्यतीबद्दल तोंड उघडायचं नाही. संत्र्याबद्दल काय ते बोला."

"कबूल," मी म्हटलं. खुर्ची म्हटल्यावर मी भाव केलाच नाही.

शर्यतीच्या दिवशी डेप्युटी कमिशनर साहेब येणार होते. म्हणून मंडप मोठा, खुर्च्या दुप्पट. सुरुवातीला फेऱ्या पुकारणाऱ्या माणसाचा घसा बसला आणि वकीलसाहेबांनी दोरीपलीकडून मला हाक मारली. "संत्रेवाले, या इकडे! तुमचा आवाज बाजारभर जातो, इथे कामी येईल." पुढचा गडी चुन्याच्या रेघेवरून गेला की मी आकडा ओरडायचा आणि खुर्चीवर बसलेल्या मास्तरांनी पाटीवर एक रेघ मारायची. अकरा रेघा झाल्या की घंटा, म्हणजे शेवटची फेरी. आवाज माझा, खुर्ची त्यांची. तरी मी गेलो.

तिघं सुटले. कॉलेजचा पोरगा पुढे, त्याच्यामागे शिपाई, आणि बार्शीटाकळीचा इतका मागे की लोक त्याला विचारू लागले, "कावड इसरला का रे?" पहिली फेरी पुरी झाली आणि मी छाती भरून ओरडलो, "लाभ!"

आमच्या बाजारात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. एक म्हटलं की माल एकावर थांबतो, असं जुने सांगत. पहिलं माप लाभ, मग दोन, मग तीन. मी लहानपणापासून तसंच मोजत आलो. मास्तर मात्र नुकतेच पुण्याकडून बदलून आलेले. त्यांना वाटलं, वऱ्हाडात शर्यतीआधी शकुनाचं काही ओरडतात. त्यांनी मान डोलावली आणि रेघ मारली नाही.

हे मला तेव्हा कळलं नाही. मी आपला ओरडत राहिलो. सातव्या फेरीला बार्शीटाकळीच्यानं शिपायाला मागे टाकलं. नवव्याला त्याच्यात आणि पोरात तीस पावलं उरली. मी "अकरा" ओरडलो आणि घंटा वाजली नाही. मला वाटलं मास्तरांना ऊन लागलं. "बारा" ओरडलो तेव्हा पोरगा दहा पावलं पुढे होता, आणि तेव्हा घंटा वाजली! मैदान उसळलं. धावणाऱ्याला घंटा म्हणजे हुकूम, ते धावत राहिले. बरोबर अर्ध्या फेरीवर, पलीकडच्या कडुनिंबापाशी, बार्शीटाकळीच्यानं पोराला ओलांडलं. रेघेवर तो आला तेव्हा मी "तेरा" म्हणालो, पण त्या गोंगाटात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मी मंडपातली एक खुर्चीही मनात ठरवून टाकली, कडेची, वाऱ्याची.

तेवढ्यात वकीलसाहेब उठले. "शर्यत बाराची होती. तेरा झाल्या."

"पाटीवर बाराच रेघा आहेत," मास्तर म्हणाले. "हे गृहस्थ पहिल्यांदा लाभ म्हणाले, मग दोनपासून सुरू झाले. मला वाटलं त्यांनी एक आकडा गाळला, म्हणून मी पाटीवर विसंबलो."

हशा झाला. वकीलसाहेब हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले. "घंटेच्या आधी मला बारा ऐकू आलं. पण माझे कान म्हणजे पुरावा नव्हे. मोजणारे तुम्ही. तुम्हीच सांगा, किती झाल्या?"

त्यांना सगळं माहीत होतं. बारा म्हटलं असतं तर माझा गडी पहिला, चिठ्ठी खरी, खुर्ची माझी. फक्त एवढंच कबूल करायचं की मी ओरडताना एक आकडा चुकलो. बाजारातली निम्मी माणसं दोरीला लागून उभी होती. त्यांच्या समोर मी वीस वर्षं शेकड्यानं संत्री मोजली होती.

"तेरा," मी म्हणालो. "मी मोजलेलं चुकत नाही."

चांदीचा पेला कॉलेजच्या पोराला गेला. बार्शीटाकळीच्याला दुसऱ्या नंबरचा पितळी तांब्या. रात्री तो माझ्याकडेच जेवायला होता. मी तोंड पाडून बसलो होतो, तो मात्र खुशीत. "पेल्यात का दूध काढता येते? तांब्या बरा." मग भाकरी मोडता मोडता म्हणाला, "भाऊ, एक सांगा. ती वरची फेरी तुमी माह्यासाठीच वाढवली होती ना?"

मी ताटावरून उठलो. सगळ्या दुनियेनं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

सकाळी मी मोजणीखात्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून जमिनीची साखळी आणली, दुसरं टोक बार्शीटाकळीच्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "चाल. मी किती वाढवली ते पाहू." चुन्याची रेघ अजून होती. फेरी वीस साखळ्यांची असायला हवी. बारा विसे दोनशे चाळीस, तेवढे तीन मैल. आम्ही दोनदा मोजलं. साडेअठरा भरली. डेप्युटी कमिशनर साहेबांच्या मंडपासाठी एका टोकाला फेरीची रेघ सोळा-सतरा यार्ड आत ओढली होती, म्हणजे जाताना-येताना मिळून दीड साखळी कमी. बांबूंचे खड्डे तिथेच होते. साडेअठरानं बारा फेऱ्या केल्या तर तीन मैल होतच नाहीत. तेरा केल्या तर होतात, वर अर्धी साखळी उरते.

"म्हंजे खुर्च्यायनंच खाल्ली माही फेरी," तो म्हणाला.

मी तसाच वकीलसाहेबांकडे गेलो. ते झोपाळ्यावर होते. त्यांनी ऐकलं, कागदावर गुणाकार केला, पुन्हा केला. "तीन मैलांचं म्हणाल तर तुमचा अंदाज पावलापावलानं खरा आहे," ते म्हणाले. "पण शर्यत बारा फेऱ्यांची जाहीर झाली होती. निकाल बदलत नाही." मग कागदाची घडी घालत, "खुर्ची मात्र ठेवतो. या पुढच्या वर्षी."

"कशासाठी? अंदाजासाठी का काल खरं बोललो त्यासाठी?"

"खरं बोललात त्यासाठी."

"मग नको, साहेब. खरं बोलाचे मी पैशे घेत नाही. अंदाजाची द्या."

"अंदाजाची देता येत नाही."

"तर ठेवा तुमची."

बायको म्हणाली, मिळत होती ती घ्यायची होती, बसल्यावर कोण विचारतं कशाची. तिचा एक आणा मी तेव्हाच परत द्यायला हवा होता.

पुढच्या वर्षी मंडप मागे सरकला. कोणी मला तसं सांगितलं नाही, मी साखळी घेऊन गेलो म्हणून कळलं. फेऱ्या पुकारायला मलाच बोलावलं. मी घरून संत्र्याची एक रिकामी पेटी नेली, चुन्याच्या रेघेला लागून उलटी ठेवली आणि तिच्यावर बसलो. मंडपातून कोणी उठवायला आलं नाही. पहिली फेरी पुरी झाली. मी ओरडलो, "लाभ!" आणि मास्तरांकडे वळून विचारलं, "मारली का?"

"मारली हो, मारली," मास्तर म्हणाले.