पातेल्याला हात लावायचा नाही

आमचं मंडळ छोटं आहे. नाशिकच्या आसपासच्या डोंगरांवर शाळकरी मुलांना घेऊन जायचं, वर पठारावर तीन दगडांची चूल मांडून त्यांचं त्यांना रांधायला लावायचं आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आणून सोडायचं, एवढं आमचं काम. मुलं जरा मोठी असली तर एक मुक्काम. मुलं जास्त करून सातपूरच्या वस्तीतली. आईबाप कारखान्यात शिफ्टला, पोरं दिवसभर मोबाइलवर, आणि जरा मनाविरुद्ध झालं की रडारड नाहीतर आदळआपट. त्यांनी थोडं तगावं, बिघडलेल्या गोष्टीसमोर हातपाय गाळू नयेत, म्हणून हा खटाटोप.

मी हे कुठे शिकले म्हणाल तर कुठेच नाही. चाळिशी उलटल्यावर शेजारणीबरोबर डोंगर चढायला लागले, मग तिची मुलं येऊ लागली, मग त्यांच्या शाळेतली. चुकत चुकत जमलं. आता मुलांना नेतात ते तरुण ताई-दादा आणि मी त्या ताई-दादांना तयार करते. हे जास्त अवघड आहे बघा. मुलं ऐकतात. मोठी माणसं ऐकत नाहीत.

होतं काय, की जो तो मदतच करायला येतो. दादा लोक खडकाच्या पायरीवर मुलाचा हात धरून त्याला वर ओढतात. मी सांगते, ओढू नका, खालच्या बाजूला उभे राहा आणि पाय कुठे ठेवायचा ते दाखवा. ओढलंत तर दोघांचाही तोल जाईल, आणि मूल घरी जाऊन सांगेल की मला दादानं वर नेलं. ताया मुलांच्या पाठीवरच्या पिशव्या आपल्या खांद्याला अडकवतात. आणि घाबरलेलं मूल दिसलं की सगळे मिळून म्हणणार, "काही होत नाही, ये." अहो, त्याला होतंय ना काहीतरी. पाय कापताहेत त्याचे. आधी ते तर मान्य करा.

या सवयी दोन-चार फेऱ्यांत सुटतात. सुटता सुटेना अशी सवय मला भेटली ती मेसवाल्या बाईंची.

या बाईंची सातपूरला मेस आहे. माहेर नांदगावकडचं, लग्न होऊन इकडे आल्या, नवरा कारखान्यात लागला आणि यांनी त्याच्या सोबतच्या दोघांना डबा द्यायला सुरुवात केली ती वाढतच गेली. पहाटे फर्स्ट शिफ्टचे डबे, संध्याकाळी ताटं. बांधा दणकट, चालणं झपाझप. त्यांची मुलगी एका वर्षी माझ्याबरोबर मुक्कामाला आली होती. परत गेल्यावर ती एकटी बँकेत जाऊन स्वतःचं खातं उघडून आली, ते पाहून बाई थेट माझ्या दारात. "ताई, मला बी शिकवा हे. सकाळचे डबे गेले की मी मोकळीच असते."

मला तेव्हा बाईमाणूस हवंच होतं. मुलींचं मुक्कामाचं शिबिर आमच्याकडे दरवर्षी होतं, पण आईबाप पहिला प्रश्न हाच विचारतात की बरोबर बाई कोण आहे. इतकी वर्षं ती बाई मी होते. आता गुडघे बोलायला लागलेत. छोटी चढण जमते, तीही काठी टेकत. मुक्कामाचा डोंगर जमत नाही. डॉक्टर म्हणाले, "आजी, मोठे डोंगर आता खालूनच बघायचे." आमच्या दोन ताया होत्या, एक लग्न होऊन पुण्याला गेली, दुसरीची परीक्षा. म्हणजे मेसवाल्या बाई तयार झाल्या तर शिबिर, नाहीतर त्या वर्षी मुली घरी. आणि एक वर्ष खंड पडला की आईबापांची सवय मोडते, पुढच्या वर्षी पुन्हा घरोघरी जाऊन पाया पडायचं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

चढण्यात बाईंना काही शिकवावं लागलं नाही. मुलींना त्या आवडायच्याही. घोडं अडलं ते चुलीपाशी.

पहिल्या सरावाला मुली खिचडी करत होत्या. नियम असा, की मोठ्यांनी लक्ष ठेवायचं, पातेल्याला हात लावायचा नाही. बाई लांब बसल्या. थोड्या वेळानं उठल्या, लाकूड जरा आत सरकवलं. परत बसल्या. पुन्हा उठल्या, डाळीतला खडा काढला. मग मिठाचा अंदाज. मग "सर गं जरा, तळाला लागंल," म्हणत पळी हातात घेतली ती शेवटपर्यंत. खिचडी काय झाली म्हणून सांगू. मुली बोटं चाटत होत्या. मी पण दोनदा घेतली.

परतताना मी त्यांना म्हटलं, "झकास झाली होती. पण तुम्हाला मी शिबिराला पाठवू शकत नाही."

"का? काय वाईट झालं?"

"मुलींनी काय केलं?"

"खाल्लं की पोटभर."

"तेच. ते त्या घरीही करतात."

बाई चिडल्या. "ताई, राग नका येऊ देऊ, पण समोर लेकरू कच्चं खातंय आन आपण टकाटका बघायचं, हे कसलं शिकवणं? माझ्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाय."

त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. आपल्याकडे बाईला पहिली शिकवण हीच असते, आणि यांचा तर तो धंदाच. मी त्यांना एवढंच सांगितलं, की दोन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या. कुणाला भाजेल, कुणी पडेल, तिथे विचारायचं नाही, सरळ मधे पडायचं. पण नुसती फजिती होणार असेल तर ती होऊ द्यायची. एका जेवणानं कुणी मरत नाही.  त्यानंतर आठवडाभर बाईंचा फोनही नाही. मला वाटलं, सोडलं यांनी. मग रविवारी पहाटे त्या बसस्टँडवर हजर. पाठीला पिशवी, आणि पिशवीला पोट आलेलं.

"काय आणलंय?" मी विचारलं.

"काय नाय. शाल," म्हणाल्या. शालीला लसणाच्या चटणीचा वास येत होता. मी एसटीत चढले.

दिंडोरीच्या पुढचा एक बसका डोंगर आहे, एका अंगाला सगळे द्राक्षमळे. त्यावर गेलो. मुली शिबिराच्याच, आठवी-नववीतल्या, तोंडं अखंड चालू. पठारावर पोचल्यावर त्यांनी चूल मांडायला घेतली. दगड आणले, त्यातला उताराच्या बाजूचा एक चांगलाच गोलसर. त्यावर पातेलं ठेवलं ते नीट पाहिलं तर डुगडुगत होतं. तांदूळ-डाळ पडली, पाणी पडलं, जाळ लागला. दोन मुली उताराच्याच बाजूला उकिडव्या बसून फुंकर घालत होत्या.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांना तो दगड माझ्याआधी दिसला होता. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या, लहान मूल बसतं तशा. नजर पातेल्यावर. मग एकदम उठल्या आणि चुलीकडे चालायला लागल्या. मी मनात म्हटलं, संपलं. आता दगड बदलतील, मग पळी घेतील, आणि मला संध्याकाळी मुलींच्या घरी फोन करून शिबिर नाही म्हणून सांगावं लागेल.

बाई चुलीपाशी थांबल्या. त्या दोघींना म्हणाल्या, "ए, तुम्ही दोघी इकडं या, वरच्या अंगाला बसा. तिकडं कुणी बसायचं नाय."

"का मावशी?"

"मी सांगते म्हणून."

मुली उठून वरच्या बाजूला आल्या. बाई वळल्या, परत आपल्या जागी येऊन बसल्या आणि हात पुन्हा मांडीखाली.

थोड्याच वेळात एकीनं जोरात ढवळलं, गोल दगड सटकला आणि पातेलं त्याच रिकाम्या उतारावर कलंडलं. निम्मी खिचडी मातीत, काही चुलीत. जाळ चुर्र करून विझला. कुणाला थेंब लागला नाही.

मग जे व्हायचं ते झालं. "तूच ढवळत होतीस म्हशीसारखी." "दगड कुणी आणला होता? तू." "मी आणला, पण लावला हिनं." एक रडायला लागली. दुसरी म्हणाली, "रड आता, त्याच पाण्यात शिजव." सगळ्यात धिटुकली होती ती बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, आता काय करायचं?"

"मला काय विचारती? मला बी भूक लागली हाय."

"तुमच्याकडे काहीच नाहीये?"

बाईंनी एकदा आपल्या पिशवीकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघायला लागले. "तुमच्याकडं निम्मं पातेलं हाय की," बाई म्हणाल्या.

ती मुलगी पाय आपटत गेली. बराच वेळ कुणी काही केलं नाही. मग रडणारीच पहिली उठली आणि चपटा दगड शोधायला लागली. तो बसवला, खाली दगडाची कपची सरकवून डुगडुग घालवली. पातेल्यात उरलं होतं त्यात बाटल्यांतलं पाणी ओतलं, सगळ्यांना पुरायला हवं म्हणून जरा जास्तच. ओली झालेली लाकडं पेटेनात, धूर डोळ्यांत, एकमेकींना शिव्या. मिठाची पुडी सांडलेल्या खिचडीबरोबर मातीत गेलेली. शेवटी उकळलं ते खिचडीही नव्हे आणि पेजही नव्हे. पण उकळलं.

पहिली ताटली त्यांनी बाईंना आणून दिली आणि सगळ्या समोर बसल्या. मेसवाल्या मावशी आपल्या हातचं खाणार, ही काय साधी गोष्ट होती त्यांना.

"कसं झालंय मावशी?"

बाईंनी घास घेतला, चावला. मी त्यांना शिकवलं होतं की खोटं कौतुक करू नका, मुलांना लगेच कळतं. पण ते शिकवणं वेगळं आणि समोर काळवंडलेल्या तोंडांच्या मुली बसलेल्या असताना बोलणं वेगळं.

"डाळ कच्ची हाय," बाई म्हणाल्या. "मीठ नाय. धुराचा वास मारतोय."

 बाईंनी ताटली पुसून खाल्ली आणि पुढे केली. "उरलं असंल तर वाढ अजून."

धिटुकलीनं वाढलं. मग सगळ्याच तुटून पडल्या, मीही खाल्लं. खरंच कच्चं होतं. खाता खाता त्यांची भांडणं पुन्हा सुरू झाली, पण आता हसत. पुढच्या वेळी मीठ दोघींकडे ठेवायचं आणि दगड आधी नीट बसवून बघायचा, हेही कुणी न सांगता ठरलं.

संध्याकाळी एसटीत मुली मागच्या सीटांवर गात होत्या. बाई माझ्या शेजारी, पिशवी मांडीवर. 

"ताई, ते पातेलं कलंडलं ना, तेव्हा माझा हात मांडीखालून निघालाच व्हता," त्या म्हणाल्या. "दगड मला दिसत होता."

"मलाही दिसत होता."

"मग तुम्ही कशा बसल्या?"

"मी तुमच्याकडे बघत होते."

त्या हसल्या. मग विचारलं, "मग? पास का नापास?"

मी मुलींच्या आईबापांचे नंबर बाईंच्या मोबाइलवर पाठवायला लागले. चष्मा नव्हता, गाडी हलत होती, त्यामुळे वेळ लागला. "उद्या डबे गेले की एकेकाला फोन करा," म्हटलं. "बरोबर बाई कोण आहे असं विचारतील. तुमचंच नाव सांगा."

बाईंनी मोबाइल पदरानं पुसला आणि पिशवीत ठेवला. ठेवताना शालीचा डबा खडखडला.

"दशम्या ना?" मी विचारलं.

"दशम्या आन चटणी. आता संध्याकाळच्या ताटांना होतील." मग मागे वळून गाणाऱ्या मुलींकडे पाहिलं, आणि माझ्याकडे. "का पोरींना देऊ आता? आता तर उतरलो की आपण डोंगरावरून."

यावर मी काही नियम केलेला नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही ठरवा, आता ताई तुम्ही आहात."

त्यांनी डबा उघडला नाही. सातपूर येईपर्यंत त्यावर हात ठेवून बसल्या. स्टॉपवर एकेक मुलगी उतरायला लागली तेव्हा प्रत्येकीच्या हातात एक एक दशमी कोंबत म्हणाल्या, "घरी आईला दे. आन सांग, आज डोंगरावर जेवण मी केलं व्हतं."