चौदा आणि पंधरा

आकड्यांचं ते सरकतं कोडं खिडकीत पडून आहे. पंधरा ठोकळे आणि सोळावं घर रिकामं. अर्धांगवायूनंतर यांच्या उजव्या अंगठ्याला व्यायाम व्हावा, म्हणून मुलांचं हे जुनं खेळणं मीच माळ्यावरून काढून दिलं होतं.

त्या रिकाम्या घराचा मोह फार वाईट. तेवढी एक जागा मोकळी दिसते, म्हणून माणूस आशेने सरकवत राहतो. यांचं तेरापर्यंत सगळं जुळायचं. शेवटी मात्र पंधरा आधी आणि चौदा नंतर. महिनाभर रोज हेच चाललं. परवा म्हणाले, "अगं, हातापाठोपाठ डोकंही गेलं माझं." आणि रडले.

काल व्यायाम करून घेणाऱ्या मुलीने ते पाहिलं. मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाली, "काकू, ठोकळे कुणी बाहेर काढले होते का? चुकीचे बसवले गेले, तर कितीही सरकवा, शेवटचे दोन असेच राहतात."

मीच काढले होते. चिकट लागत होते म्हणून साबणाने धुतले आणि घाईघाईत कसेही दाबून बसवले.

दुपारी हे झोपल्यावर सुरीच्या टोकाने ते दोन ठोकळे उचकटून मी त्यांची अदलाबदल केली. पंधरा तेवढा मुद्दाम एक घर पुढे, शेवटच्या कोपऱ्यात ठेवला. उठल्यावर सगळं सांगितलं. "अहो, चूक माझी होती. बघा, आता एकच सरकवायचाय."

यांनी बघितलंही नाही. "उगाच माझी समजूत काढू नकोस," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

पंधरा अजून तिथेच आहे. तो सरकवायचा मला धीर होत नाही.