वहिनीचं वेगळं ताट

केनवडच्या फाट्यावर पुण्याची ट्रॅव्हल्स यायला उशीर झाला, आणि तेवढ्या वेळात आईने मला चारदा एकच सांगितलं. "तिकडचं दुखणंखुपणं फोनवर सांगत नको जाऊ, संगे. आमच्यानं येणं होत नाही, नुस्ता जिवाले घोर लागते." मागे माझी वहिनी उभी होती. तिने सामानात तुरीची डाळ बांधून दिली होती आणि गाठ पुन्हा पुन्हा आवळत होती.

नवरा आधीच चाकणला कंपनीत लागला होता. मलाही क्वालिटी चेकिंगचं काम मिळालं. शिफ्ट, टार्गेट, मीटिंग हे शब्द तोंडात बसले आणि गावी फोन करताना माझा आवाज आपोआप शहाणा व्हायला लागला. तुम्ही गावी राहिलात किंवा माझ्यासारखे बाहेर पडलात, तरी हा आवाज तुमच्या ओळखीचा असेल. त्याच आवाजाची मला आज लाज वाटते.

कंपनीत बायकांची आरोग्य तपासणी झाली. आठवड्याने दवाखान्यातून फोन आला, "एचपीव्ही पॉझिटिव्ह." मी ऐकलं एचआयव्ही. दोन दिवस नवऱ्याकडे चोरासारखी बघत होते. शेवटी दवाखान्यात जाऊन रडले, तेव्हा डॉक्टरबाईंनी समजावलं. हा विषाणूच वेगळा. बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि बऱ्याचदा आपोआप जातो. कोणाचं पाऊल वाकडं पडलं असा त्याचा अर्थ नाही. हा कॅन्सरही नाही, पण गर्भपिशवीच्या तोंडाशी काही बदल झालाय का ते बघावं लागतं. बघितलं नाही, तर पुढे काही वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो.

मग दुर्बिणीची तपासणी झाली. औषध लावून डॉक्टरबाईंनी त्या जागेकडे नीट पाहिलं आणि एक बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. थोडा बदल निघाला, तेवढाच भाग त्यांनी नंतर काढून टाकला. त्याच संध्याकाळी मी घरी होते. गावी सांगितलं, पित्त झालंय. आईचं फाट्यावरचं बोलणं सबबीला होतंच. खरं कारण वेगळं होतं. असल्या जागेचं दुखणं संगीताला झालं, हे कोणाला कळायला नको होतं.

गेल्या वर्षी केनवडला बायकांच्या ह्याच तपासणीचं शिबिर झालं. एका रविवारी वहिनीचा फोन आला. ती गोठ्यात जाऊन बोलत होती.

"संगीता, माह्या कागदावर पॉझिटिव्ह आलं. हे एड्सचंच असते ना? तुले तं समजते."

मला समजत होतं. अख्ख्या घरात मलाच समजत होतं. पण सांगितलं असतं, तर तुला कसं माहीत, हा पुढचा प्रश्न आला असता. मी म्हणाले, "तसं काही नसेल. डॉक्टरला विचार. माझी मीटिंग आहे." रविवारी कसली मीटिंग? तिने विचारलंही नाही. "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी चुलतभावाच्या लग्नाला गेले. घरात वहिनीचं ताट, पेला, तांब्या मोरीजवळ वेगळा ठेवलेला होता. तोंड आलंय, दुसऱ्या कोणाला नको लागायला, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. जेवताना तिची धाकटी लेक नेहमीसारखी तिच्या ताटात हात घालायला गेली, तर तिने पोरीच्या हातावर चापट मारली. पोर रडली. वहिनी खाली मान घालून जेवत राहिली.

दुपारी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. माझा कागद, माझी तपासणी, माझं पित्त, सगळं. ताटाने हे लागत नाही हेही सांगितलं. ती उठली, मोरीजवळचं ताट घासून घरातल्या ताटांत ठेवलं आणि म्हणाली, "तीन हप्ते पोरीले जवळ नाही घेतलं मी." तिने मला शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात मी तिला अकोल्याला घेऊन गेले. वाशीमच्या पलीकडे ती पहिल्यांदाच चालली होती. आत जाताना माझा हात तिने दुखेपर्यंत दाबून धरला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काळजीचं काही दिसत नाही, पण वर्षाने पुन्हा तपासायचं, चुकवायचं नाही. बाहेर बाकावर बसून आम्ही चहा घेतला. तिच्या चेहऱ्यावर आता रंग आला होता. मी मनात तयारी करत होते, आता ती विचारेल, त्या दिवशी फोनवर काहून नाही सांगतलं?

तिने विचारलं, "तुह्या वक्ती तुह्यासोबत कोण गेलं होतं?"

"कोणी नाही. ह्यांची शिफ्ट होती."

"येडी हायस तू. मले सांगतलं असतं, तं मी आली असती."

ती आली असती. पुणं कुठे आहे ते विचारत, गाड्या बदलत आली असती. ज्यांच्यापासून लपवायचं ते घर, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. जे माणूस येणार होतं, त्याला मी बोलावलंच नव्हतं.