मी मागे फिरवलेला शिपाई

हे मी बायकोलासुद्धा कधी बोललो नाही. नऊ वर्षं झाली. आज तुमच्यापुढे सांगायला बसलोय आणि पहिल्या वाक्यालाच खांदे सैल पडलेत. याची थोडी लाज वाटायला हवी, नाही का? पण खरं सांगू — वाटत नाहीये.

मी पुण्याचा. कॉलेजात फ्रेंच शिकलो आणि त्याचा तोरा मला जन्मभर पुरला. कुवेतला, शुवैखच्या कंपनीत आलो तोही त्या फ्रेंचच्याच जोरावर — यंत्रांची फ्रेंच कागदपत्रं इंग्रजीत उतरवायची. आता पंप आणि व्हॉल्व्ह यांवर माणूस किती मिरवणार? मग एका फ्रेंच सहकाऱ्याने मायदेशी जाताना मला एक जाड पुस्तक दिलं. दोनशे वर्षांपूर्वी फ्रेंच फौज रशियावर चालून गेली, मॉस्कोपर्यंत पोचली आणि परतताना थंडीने, उपासमारीने बर्फातच संपली. त्यातून जे थोडे साधे शिपाई जगले-वाचले, त्यांच्या या आठवणी.

मी झपाटल्यासारखा वाचत सुटलो. मेलेल्या घोड्याचं मांस तलवारीला टोचून भाजणारे, लुटून आणलेली चांदीची भांडी रस्त्यात फेकून देणारे, शेकोटीशी जरा टेकले ते उठलेच नाहीत असे. काही भाग मराठीत उतरवला आणि इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत त्याचं अभिवाचन करायचं ठरलं. शुक्रवारची सुट्टी, फरवानियातला हॉल. पुढे आम्ही ऑफिसातली मंडळी सहकुटुंब, मागे कोकणातले सुतार, वेल्डर — वर्षानुवर्षं बायकामुलांवाचून राहणारे. ते फक्त जेवणापुरते येतात, असं आम्ही पुढचे म्हणायचो.

अध्यक्षबाईंनी बजावलं होतं, सणाचा दिवस आहे, शेवट तेवढा गोड करा. पण त्यांच्यावर ढकलत नाही. मलाही टाळ्या हव्याच होत्या.

शेवटची आठवण अशी — एका शिपायाचा गाववाला दोस्त बर्फात बसकण मारतो. शिपाई त्याला दोनदा उठवतो. तिसऱ्यांदा उठवत नाही. मागून हाक येते, ती ऐकू येते, तरी तो चालत राहतो. म्हातारपणी त्याने हे सरळ लिहून ठेवलंय, कुठे रडगाणं नाही. आणि मी काय केलं? मी त्याला मागे फिरवलं. दोस्ताला त्याच्या पाठीवर दिलं, नदी पार करवली. बायकांनी डोळे पुसले. टाळ्या थांबेनात.

पुढच्या शुक्रवारी सकाळी दत्ताराम माझ्या दारात उभा. मालवणकडचा सुतार, पन्नाशीचा, मागच्या रांगेतला. बसा म्हटलं तरी बसेना.

"साहेब, तो शिपाय खराच मागे फिरलो?"

मी हो म्हणालो.

मग त्याने उभ्यानेच सांगितलं. नव्वद साली इराकी फौज कुवेतमध्ये शिरली तेव्हा तो आणि त्याच्या वाडीतला वसंत, दोघे बगदादमार्गे जॉर्डनच्या सीमेपर्यंत पोचले. वसंत तापाने फणफणलेला. ट्रकमध्ये जागा एकच. दत्ताराम चढला. वसंत हाका मारत होता. तिसऱ्या दिवशी वसंत तिथल्या तंबूतच वारला. गावात सगळ्यांना एवढंच ठाऊक, की पोरगा तापाने गेला. सुट्टीवर गेलं की दत्ताराम वसंताच्या आईचं घर टाळून लांबच्या वाटेने जायचा. या खेपेला मात्र तिच्यापुढे बसून सगळं सांगून टाकायचं, असं त्याच्या मनात होतं.

"पण तो फिरलो. माझ्यान नाय झाला," तो म्हणाला. मग हळूच, "पुस्तकात तसाच आसा?"

इथे तरी मी थांबायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं — नाही हो, तो नव्हता फिरला. काय गेलं असतं माझं? पुढच्या रांगेतली वाहवा? मी आत गेलो, पुस्तक आणलं, पान उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. ज्या ओळीत तो चालत राहिला, नेमक्या त्याच ओळीवर. दत्तारामने पानाला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि जिना उतरून गेला.

नंतर तो मंडळात दिसला नाही. इराकशी पुन्हा लढाईची हवा झाली त्या वर्षी कायमचा गावी गेला. मीही चौकशी केली नाही. विसरलो होतो? छे. ते पुस्तक कपाटात उलटं लावून ठेवलं होतं मी.

गेल्या महिन्यात अम्गऱ्याच्या लाकूडबाजारात गेलो, तिथे त्याच्याच वाडीतला एक सुतार भेटला. वसंताची आई गेली, म्हणाला. शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, माझ्या लेकाजवळ शेवटी कोण होतं? दत्तारामने मात्र तिचा उंबरा कधीच ओलांडला नाही.

काल सकाळी ते पान मी जसंच्या तसं मराठीत उतरवलं. खाली चार ओळी लिहिल्या — दत्ताराम, शिपाई फिरला नव्हता. मी फिरवला. तुम्ही विचारलंत तेव्हा मला हे ठाऊक होतं. माझं बोट होतं त्या ओळीत तो पुढेच चालला होता.

पाकीट पोस्टात टाकून आलो आणि कितीतरी दिवसांनी आडवा होताच झोप लागली. म्हातारीला आता याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं. पत्रात मी माफी मागितलेली नाही. दत्तारामसारखाच एक माणूस त्या बर्फातून चालत गेला होता, आणि नऊ वर्षं मी तो त्याला भेटू दिला नाही.