कोळंबीच्या डब्यातला नमुना

माझ्या नवऱ्याच्या प्रोस्टेटच्या तपासणीला मी माझी लघवी दिली होती.

वेड नव्हतं लागलं. वय साठ होतं, अक्कल सहाची.

आम्ही उलव्याचे. ह्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा. डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर गरीब असेल तर नुसती नजर ठेवू. डांबरट असेल तर ऑपरेशन. लघवीतल्या खुणांवरून अंदाज येईल. काका, रात्री किती वेळा उठता?"

"चारदा!" मी म्हटलं. (ह्यांनी तोंड उघडलं होतं, पण मी आधी पोचले.)

डॉक्टरांनी बाटली भरून घेतली. "बर्फात ठेवून लगेच जुईनगरच्या लॅबमध्ये द्या."

बर्फ म्हटल्यावर खाडीकाठच्या बाईला काय आठवणार? मासळीचा डबा! ह्यांना घरी पाठवून मी एकटीच निघाले. वाटेत ताजी कोळंबी दिसली, तीही त्यातच घातली. (एवढा बर्फ वाया का घालवा?)

लॅबच्या दारात डबा उघडला. बाटलीचं झाकण निघालेलं, बाटली रिकामी आणि कोळंबी न्हालेली!

आता ह्यांना काय सांगू? विचार केला, एका घरात राहतो, एका पातेल्यातलं जेवतो, एकच पाणी पितो. लघवीत असा काय फरक पडणार? बाटली धुतली आणि शिरले लॅबच्या संडासात.

आठवड्यानं डॉक्टरांनी बोलावलं. चेहरा गंभीर.

"नमुन्यात प्रोस्टेटचा मागमूसच नाही! असं मी कधी पाहिलं नाही."

हे पांढरेफटक. "म्हंजे... खाल्ली त्या कॅन्सरनं?"

"काका, तसं होत नाही..."

"काय उरली असंल ती काडून टाका, दाक्तर! आताच काडा!" आणि खरोखरच पायजम्याच्या नाडीला हात!

"थांबा!" मी किंचाळले. "ते माझं होतं!"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "काकी, बायकांना प्रोस्टेट नसते."

"आता कळलं!"

(कोळंबीचं विचारू नका. टाकली. खरंच टाकली.)

दुसरा नमुना ह्यांनी स्वतः नेला, छातीशी धरून. कॅन्सर गरीब निघाला. ऑपरेशन टळलं, अधूनमधून तपासत राहायचं ठरलं. डॉक्टर हसून म्हणाले, "काका, आता कसं वाटतंय?"

"एकदम हलकं!" मी म्हटलं.

ह्यांनी माझ्याकडे वळून हात जोडले.

"चालीस वरसं माज्या वतीनं तूच बोलतेस, मी कवा काय बोललो नाय. पन येवडं मुतायचं तरी माजं मला करू दे गो!"