राहुरी ते राजूर, मागून बसणाऱ्या गाडीतून

आक्का अखेर ‘येते’ म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही राहुरीहून राजूरला निघालो. घाई एवढ्यासाठी, की माझी ही थोरली बहीण शब्द जितक्या सहज देते तितक्याच सहज परत घेते. राजूरला ती एकटी राहते. डोंगरातला पाऊस सुरू झाला की तिचं अंगण शेवाळतं, शेजारची घरं कुलपात जातात. गेल्या पावसाळ्यात ती घसरून पडली, तर दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. इकडे राहुरीच्या घरात मीही एकटाच. ‘माझ्याकडे चल’ म्हणून मी विनवायचं आणि तिनं टोलवायचं, असं चाललं होतं. यंदा अधिक महिना आला, तेव्हा तीच फोनवर म्हणाली, “वर्षाला आन् जावयाला घिऊन ये. धोंडे घालते, आन् त्यांच्याच गाडीतनं तुझ्याकडं येते. पर वाटंत इघ्न आलं तर समजंन, जायचं न्हवतं.”

अधिक महिना ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला पाटावर बसवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, तेहेतीस अनारसे द्यायचे, आणि तो कुठे चुकला असं म्हणायचं नाही. एरवीही कुणी म्हणत नाही, पण या महिन्यात त्याला शास्त्राधार असतो.

आमचे नारायण म्हणजे माझ्या लेकीचे, वर्षाचे, यजमान निखिलराव. पुण्याला संगणकाच्या कंपनीत असतात. त्यांनी नुकतीच एक जुनी, लांबलचक परदेशी गाडी घेतली आहे. तिच्या मागच्या चाकांवर स्प्रिंगा नाहीत, हवेनं फुगणारे दोन रबरी बलून आहेत. कंप्रेसर त्यांत हवा भरतो आणि गाडी ओझ्याप्रमाणे स्वतःला सावरून घेते. गाडी अंगणात आली त्या संध्याकाळी ताठ उभी होती. सकाळी पाहतो तर मागून बसलेली.

“वयस्कर माणसांना चढायला सोपं जावं म्हणून ती स्वतः खाली होते, बाबा,” निखिलराव म्हणाले.

मी हरखून गेलो. उभी हयात शाळेत कविता शिकवण्यात गेली. फळांनी लवलेल्या फांद्या, दवानं वाकलेली पाती, असलं काही दिसलं की माझी सारासारबुद्धी रजेवर जाते. विनय शिकलेलं यंत्र. मनात दोन ओळी जुळूही लागल्या. फक्त एक खटकलं. नमस्कारच करायचा तर दोन्ही बाजूंनी सारखं वाकावं. ही डावीकडे जास्त वाकली होती, संधिवात झालेल्या हेडमास्तरांसारखी. पण महिना अधिक होता. मी कांद्याची एक गोणी, अर्धं पोतं बाजरी आणि गुळाची ढेप डिकीत ठेवली आणि विनयाला नमस्कार करून आत बसलो.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी रस्ता असा: राहुरीहून मनमाडच्या दिशेनं कोल्हार, तिथून डावीकडे लोणीवरून संगमनेर, मग अकोले आणि राजूर. रमतगमत साडेतीन तास. कोल्हारपर्यंत रस्त्याचं काम चालू आहे. काम कुठे दिसत नाही, पण चालू असल्याचा फलक नवा आहे. काजव्यांच्या दिवसांत शनिवार-रविवार टाळा. काळोख बघायला आलेल्या गाड्यांच्या दिव्यांनी राजूरच्या पुढचा सगळा डोंगर उजळून निघतो.

कोल्हारला भेळ खाल्ली. कांदा, शेंगदाणे सढळ हातानं, मिरची वेगळी मागावी. पुडा हातात असताना निखिलराव रंगात आले.

“गेल्या रविवारी मागचा डावा एअर पाईप मीच बदलला, बाबा. एक व्हिडिओ बघितला, झालं काम. गॅरेजवाले उगाच बाऊ करतात.”

वर्षा भेळेत मिरची शोधत राहिली.

अकोल्याच्या पुढे प्रवरा कधी दिसते, कधी लपते. शाळेच्या पुस्तकात नदी नेहमी झुळझुळते. ही उन्हाळ्यात गप्प असते, आणि मला ती तशीच जास्त खरी वाटते. विठे घाट चढताना मात्र गाडीच्या पाठीमागून ‘घुर्रर्र’ असा आवाज येऊ लागला आणि थांबेचना.

“हे काय हो?” वर्षानं विचारलं.

“सिस्टीम विचार करतेय.”

“सकाळपासून करतेय. उत्तर कधी काढणार?”

राजूरला आक्कानं ओवाळलं, धोंड्यांवर तुपाची धार धरली. जेवणं झाल्यावर तिनं आपली पेटी दाराशी आणून ठेवलेली मी पाहिली आणि निम्मं राजूर जिंकल्यासारखं वाटलं. संध्याकाळी बाजारपेठेतून पेढे आणले. इथले पेढे चुकवू नका, आटवलेल्या दुधाचा खमंगपणा जिभेवर बराच वेळ राहतो.

सकाळी गाडीचं मागचं डावं चाक जवळजवळ दिसेनासं झालं होतं. दूध घालायला आलेला गडी किटली खाली ठेवून बघत उभा राहिला.

“पाव्हनं, गाडी लई नम्र हाय तुमची,” तो म्हणाला आणि निघून गेला.

आक्का नऊवारी नीटनेटकी नेसून बाहेर आली. निखिलरावांनी तिलाही तीच विनयाची गोष्ट सांगितली. तिनं मान डोलावली.

“बरं केलं, जावईबापू. आन् मी बसल्यावर उठंल का?”

निखिलरावांनी गाडी सुरू केली. कंप्रेसर घुरघुरला, घुरघुरला आणि चिडीचूप झाला. गाडी मागून उठलीच नाही. ते तापलेलं यंत्र स्वतःला वाचवायला बंद पडतं, हे मागाहून समजलं. आक्कानं पेटी उचलून एक पायरी वर, घराच्या बाजूला ठेवली आणि तिच्याशेजारी बसली.

मला तिची पेटी दिसत होती. वर्षाला माझा चेहरा दिसत होता. पण बोलायचं कुणी? मुलीनं बोलावं तर नवऱ्याचा अपमान, सासऱ्यानं बोलावं तर नारायणाचा. आमच्या घराण्यात दोष दिसला तरी मालक सापडल्याखेरीज तो काढता येत नाही.

“निखिलराव,” मी म्हणालो, “चूक माझी आहे. कांद्याची गोणी मी डिकीत घातली. ओझ्यानं कुठे काही सुटलं असणार.”

त्यांचा चेहरा खुलला. “शक्य आहे, बाबा. अशा गाड्यांना ओझं झेपत नाही. बघून घेऊ.”

गोणी उतरवली. कंप्रेसर थंड होईपर्यंत उरलेले पेढे संपवले. मग जॅक लावला आणि धडाखाली भक्कम लाकडी ठोकळा सरकवला. हे विसरू नका, हवा गेली की अख्खी गाडी हातावर बसते. मधल्या काळात वर्षानं फोनवर वाचून काढलं, की गळती शोधायला साबणाचा फेस लावतात. आक्कानं चांदीचं निरांजन घासायला रिठे भिजत घातलेच होते. तो फेस वाटीत घेतला, माझा दाढीचा ब्रश घेतला आणि निखिलराव आपल्या गाडीखाली दाढी करायला बसले.

गाडी सुरू केली. आधी बलूनच्या घडी-घडीवर फेस फिरवला. रबर शाबूत होतं. मग पाईपवरून ब्रश नेत ते बलूनच्या तोंडाशी, जिथे पाईप आत खोचलेला असतो, तिथे आले. तिथे फुगे फुटू लागले. एकामागून एक, इवले, सातरंगी. पहिल्या बाकावरची पोरं समूहगान म्हणताना तोंडं उघडत तसे. मी मोहून बघत राहिलो.

“बाबा, गाडी बंद करा,” वर्षा म्हणाली.

हवा सोडून पाईप ओढून काढला. त्याचं टोक बोरूसारखं तिरकं कापलेलं होतं. मी पाहिलं, वर्षानं पाहिलं, आक्कानं चष्मा लावून पाहिलं. तिरकं टोक आत पूर्ण बसत नाही आणि फटीतून हवा जाते, इतकं मलाही कळलं. निखिलरावांची मान खाली गेली.

“कांद्यांच्या वजनानं तिरका झाला असेल,” वर्षा शांतपणे म्हणाली.

निखिलरावांनी गंभीरपणे विचार केला. “हो, तसं होऊ शकतं.”

“व्हय,” आक्का म्हणाली. “यंदाचं कांदं लई जड.”

माझ्या दाढीच्या डब्यातलं कोरं ब्लेड दिलं. खाली ठेवायला सपाट काही हवं, तर आक्कानं आदल्या दिवशीचा ओवाळणीचा पाट आणून दिला. त्यावर पाईप ठेवून निखिलरावांनी बोटभर तुकडा सरळ उडवला, पाईप आत गच्च दाबला, गाडी सुरू करून पुन्हा फेस लावला. एकही फुगा आला नाही. गाडी हळूहळू उठली. टाळी वाजवायचं माझ्या मनात होतं, पण आक्का पेटीजवळून हलली नव्हती.

“आता उठली. सकाळी बघू,” ती म्हणाली.

एक मुक्काम वाढला. सकाळी माझ्याआधी ती अंगणात. चाक आणि वरची कमान यांच्यामध्ये तिनं आपली वीत धरली, आधी उजवीकडे, मग डावीकडे. पुन्हा एकदा उजवीकडे. मी दारात उभा. मग ती पेटीकडे बोट करून म्हणाली, “बाळू, नुसता उभा ऱ्हाऊ नगंस. उचल.”

परतीचा रस्ता तोच. आक्का मागे बसून झोपली. गाडीनं विचार करणंही सोडून दिलं होतं.

खर्चाचं विचाराल तर डिझेल आपापल्या गाडीप्रमाणे, रिठे फुकट. निखिलराव पुण्याला निघताना म्हणाले, “बाबा, पुढच्या वेळी कांदे बेतानं.” मी हो म्हणालो. आता नातेवाइकांत मी गाडी बसवणारा माणूस म्हणून प्रसिद्ध आहे.

मला मात्र एक गोष्ट सतावत होती. दुपारी आक्का ओट्यावर लसूण सोलत बसली होती. विचारलंच.

“आक्का, पाईप कुणी कापला होता ते तुला कळलं होतं ना?”

“न कळायला काय झालं? कांदं काय पाईप कापत्यात व्हय?”

“मग ते विघ्न धरलं नाहीस?”

तिनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या.

“आरं, मला यायचं हुतं,” ती म्हणाली, आणि माझ्या स्वयंपाकघरातले डबे उघडून बघायला आत गेली.