सेसिलिया टीचरांची मातृभाषा

बाळकुमच्या सेसिलिया टीचर महापालिकेच्या शाळेत लागल्या, तेव्हा हेडमास्तरांनी त्यांचं नाव वाचलं आणि इंग्रजीचे सगळे तास त्यांच्या गळ्यात घातले. ख्रिश्चन बाई, म्हणजे घरी इंग्रजीच बोलत असणार. खरं तर टीचरांच्या घरी भांडणंही मराठीत व्हायची आणि प्रार्थनाही. त्या शिकल्याही मराठी शाळेतच. पण हेडमास्तरांचा गैरसमज त्यांना सुखावून गेला. त्या गप्प बसल्या आणि बावीस वर्षं गाइड उघडून शिकवत राहिल्या. स्पेलिंगचा शेवट 'आर्ग्यू'सारखाच दिसतो म्हणून 'कॉलीग' हा शब्द त्यांनी पोरांकडून 'कॉलिग्यू' असा घोकून घेतला. डिक्शनरी कपाटातच होती. पोरांसमोर ती उघडायची त्यांना लाज वाटे.

परवा भाजी घेताना त्यांची जुनी विद्यार्थिनी ऐश्वर्या भेटली. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात ती इंटरव्ह्यूला गेलेली.

"मी कॉलिग्यू म्हटलं तर हसले हो, टीचर. साहेब म्हणाला, कॉलीग म्हणतात."

टीचरांचे कान तापले. हातातली मेथीची जुडी हातातच राहिली. "मग?"

"मग काय, मी ऐकून घेते होय? सांगितलं तोंडावर, आमच्या टीचरांची मातृभाषाच इंग्रजी आहे, तुम्हीच चुकताय."

"आणि नोकरी?"

"नाही दिली. जाऊ दे. तुम्हीच सांगा ना टीचर, बरोबर कोण?"

टीचर मेथीची पानं निरखत राहिल्या.

"हल्ली दोन्ही चालतं," मान वर न करता त्या म्हणाल्या.